पोरीला जरा फोनवर बोलवा

माय,

रोज दुपारी बारा वाजता माझ्या मोबाइलचा गजर वाजतो. मस्कतला ती माझी जेवणाची सुट्टी, म्हणजे तुला फोन करायची वेळ. तुझ्या तेराव्याच्या पंगतीतही तो वाजला. दत्तूमामा वाढत होता. हातातली वरणाची बादली खाली ठेवून म्हणाला, "कुणाचा फोन हाय, घे की." मी म्हटलं, कुणाचा नाही. गजर काढून टाकायला फार तर दोन सेकंद लागतील. तू जाऊन पंधरा दिवस झाले, मी काढलेला नाही.

दमलेय मी. लोकांना वाटतं रडून दमले, पण रडणं माझ्याच्यानं फारसं झालंच नाही. फोन करून दमले. अकरा दिवस माझा एक कान तुझ्याकडे होता आणि दुसरा मस्कतच्या दवाखान्यातल्या माझ्या लॅबकडे, आणि दोन्हीकडे मी अर्धवट. आता गावातल्या आपल्या पत्र्याच्या घरात बायका सांत्वनाला येतात, भिंतीला टेकून बसतात आणि चहा होईपर्यंत विचारतात, "शेवटाला भेट झाली का गं?" नाही म्हटलं की हळहळतात. भेट नाही झाली हे खरंच आहे. बोलणं झालं, पण ते त्यांना सांगता येत नाही, कारण त्या दिवसांत तू जे बोललीस ते माझ्याशी बोललीच नव्हतीस. म्हणून तुलाच सांगायला बसलेय. तुला त्यातलं काही ठाऊक नसणार.

आधी त्या वृद्धाश्रमाचं. त्यावरून आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू न्हाणीत पडलीस, सहा महिन्यांत पुन्हा पडलीस, आणि गुडघे तर ऊसतोडीनं केव्हाच खाल्ले होते. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टी काढून आले आणि बीडहून वडवणीला जाणाऱ्या रस्त्यावरचा तो आश्रम तुला दाखवला. स्वच्छ होता, लांब व्हरांडा होता, फोनला रेंज होती. एकोणीस म्हातारी माणसं आणि सांभाळायला दोन बाया. तू खाटेवर बसून गादी दाबून बघितलीस, खिडकीतून बाहेरचं कढीपत्त्याचं वाळकं झाड बघितलंस आणि हसून म्हणालीस, "चांगलं हाय की. मी तुला वसतिगृहात ठिवलतं, आता तू मला ठिव. फिट्टंफाट."

मला ते फार लागलं. तू गमतीनं म्हणालीस की टोचून, ते मला आजही सांगता येणार नाही. तुझं हसू दोन्हीला सारखंच असायचं. मी त्या दिवशी धड बोलले नाही. निघताना पाया पडले तीही नुसती वाकल्यासारखी. गाडीत बसल्यावर मनात उत्तरं जुळवत राहिले, की मी काय हौसेनं चाललेय का परदेशात? मग तू तरी कुठं हौसेनं जायचीस, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं. आता सुचून काय उपयोग.

पाचवीत गेले तेव्हा तुम्ही मला बीडला मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तोवर दरवर्षी दिवाळी झाली की मीही तुमच्याबरोबर कारखान्याकडे यायची. तू आणि अण्णा अंधारात ऊस तोडायला जायचात आणि मी उसाच्या पाल्याच्या कोपीत नाहीतर फडाच्या कडेला खेळायची. पोरगी शिकली पाहिजे हे तुझंच खूळ, अण्णांचं नव्हे. वसतिगृहाच्या बाई कडक होत्या, पण मायाळू होत्या. दर बाजाराच्या दिवशी तू कारखान्याजवळच्या बूथवरून ऑफिसात फोन करायचीस आणि बाई जिन्याखालून हाक मारायच्या, "मंगल, तुझ्या आईचा फोन!" पहिल्या वर्षी मी धावत यायची. सहावीत असताना तू संक्रांतीला येते म्हणालीस. मी नवा फ्रॉक घालून सकाळपासून फाटकाशी उभी राहिले. तू आली नाहीस. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत मी फोनवर आलेच नाही. बाई हाक मारायच्या आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायची. मग बाईच तुझ्याशी बोलायच्या. काय बोलायच्या, मी कधी विचारलं नाही. चैत्रात तू मला न्यायला आलीस तेव्हा तूही तो विषय काढला नाहीस. सव्वीस वर्षं आपण दोघींनी तो काढला नाही. असल्या बाबतीत आपण दोघी एकाच वाणाच्या.

त्या सोमवारी फोन केला तो शोभाताईंनी. तुला सांभाळणाऱ्या दोघींमधल्या थोरल्या. म्हणाल्या, "ताई, मावशी कसंतरीच करायल्यात. लुगड्यात कपडे बांधून पायरीवर बसल्यात. गाडी कवा येणार म्हणून इचारायल्यात. कालपोतर तर चांगल्या होत्या वो, मेथी निवडू लागल्या मला." मी म्हटलं, फोन द्या. तू फोन दोन्ही हातांनी धरला असणार, कारण आवाज फार जवळून आला. "हॅलो. बाई, मी मंगलची माय बोलते. कारखान्यावरनं."

आणि मी काय केलं, तर शिकलेली माणसं करतात ते केलं. तुझी चूक दुरुस्त केली. "माय, मी मंगल आहे. तू बीडला आहेस. ऊसतोड सोडून तुला बारा वर्षं झाली." तू म्हणालीस, "मंग ह्यायला एकट्यालाच लावलं का तोडीला?" मी म्हटलं, "माय, अण्णा नाहीत आता. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन." मग तू जो हंबरडा फोडलास तो मी ओळखला. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्यातून मीच तुला फोन केला होता, तेव्हाही असाच ऐकला होता. एका बाईला तिचा नवरा गेल्याची बातमी मी दोनदा दिली, दोन्ही वेळा फोनवरून. शोभाताईंनी तुझ्या हातून फोन काढून घेतला.

मग तीन दिवस मी फोन करत सुटले. दत्तूमामा म्हणाला, "वय झालं तिचं. साठी बुद्धी नाठी म्हणत्यात ते काय उगं?" आश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले, या वयात विसरभोळेपणा येतोच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिकडे मस्कतला आमच्या ह्यांनी मला नाक्यावरच्या दुकानातून कॉफी आणून दिली आणि जा म्हणाले. जाणार कशी? व्हिसाच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट जमा होता. ऑफिसातला माणूस रोज तेच सांगायचा, पुढच्या बुधवारपर्यंत. मी त्याच्यावर ओरडले, मग माफी मागितली, मग पुन्हा ओरडले. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

एक खरं सांगते. ते तीन दिवस मी तुझा नाही, माझाच विचार करत होते. हे आता कायमचंच का? नोकरी सोडावी लागेल का? तू मला कधीच ओळखणार नाहीस का? दिवसभर मी लॅबमध्ये परक्या माणसांच्या लघवीच्या बाटल्यांवर नंबर टाकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघते. म्हातारं माणूस कालपर्यंत शुद्धीत असतं, आज भलतंच बरळतं, आणि निघतो तो लघवीतला जंतुसंसर्ग. असले रिपोर्ट मी किती लिहिले असतील. पण तुझ्या बाबतीत ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. गुरुवारी एका आजींची बाटली आली, चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अचानक भ्रम'. मी ती बाटली हातात धरून उभीच राहिले. कुणीतरी विचारलं, काय झालं, सांडली का? मी हातमोजे काढले आणि जिन्यात जाऊन शोभाताईंना फोन लावला.

"शोभाताई, मायची लघवी तपासायला द्या. आजच्या आज. आणि ती पाणी पिते का?"

"पितात की! दोन बाटल्या रिकाम्या व्हतात रोज. वहीत लिव्हलंय मी. दावू का?"

आणि त्यांनी व्हिडिओ लावून खरंच वही दाखवली. तारखा, बाटल्या, बरोबरच्या खुणा, सगळं नीटनेटकं. मग तुझी निळी बाटली खिडकीत उभी करून दाखवली. तिच्यामागे, गजांच्या पलीकडे, मला ते कढीपत्त्याचं झाड दिसलं. मी बघितलं तेव्हा काटकीसारखं होतं. आता खिडकीच्या वर गेलं होतं, हिरवंगार, कोवळ्या पानांनी लवलेलं. आवारातली बाकीची झाडं धुळीनं माखून उभी होती.

मी विचारलं, "त्या झाडाला पाणी कोण घालतं?"

"त्येला? कुणीबी न्हाई. तरी बघा की कसं फुटलंय. आमी भाजीला हितलाच पाला तोडतो."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला सगळं कळलं, माय.

त्या आश्रमात दुसऱ्या कुणाला ते कळणं शक्य नव्हतं. ज्यानं ऊस तोडलाय त्यालाच कळावं. फड तोडत जावं तसं रान उघडं पडत जातं, आडोसा राहत नाही. गडी कुठंही उभे राहतात. बायांनी काय करायचं? पहाटे कोपीतून निघाल्यापासून दिवस मावळून परत येईपर्यंत बाया पाण्याला तोंडच लावत नाहीत. मी पाच-सहा वर्षांची असताना फडात तहान लागली म्हणून रडायची तेव्हा तू मला उसाचं कांडं सोलून द्यायचीस आणि म्हणायचीस, "हे चघळ. पाणी नगं पिऊ, मंग जावं लागतं." एसटीतही तेच. एकदा बीडहून येताना मला जोराची लागली होती. तू माझ्या मांडीवर हात दाबून म्हणालीस, "दाब." मी उठले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं कंडक्टरला ओरडून सांगितलं. गाडी थांबली. मी जाऊन आले. तू पदरात तोंड घालून बसलीस आणि गाव येईस्तोवर माझ्याकडे बघितलं नाहीस.

तुझी जीभ तशी काय कमी तिखट होती? मुकादमाला तू भर टोळीत शिव्या घातल्यास. सरपंचाला दारातून परत पाठवलंस. अण्णांची तर काय बिशाद. पण 'मला बाथरूमला जायचंय, जरा घेऊन चला' एवढं एक वाक्य तुझ्या तोंडातून जन्मात निघालं नाही. गुडघे गेल्यावर तर शोभाताईंचा हात धरून, व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या समोरून पार टोकापर्यंत जायचं. त्यापेक्षा पाणीच न प्यायलेलं बरं, असं तू ठरवलंस. आणि कुणी रागावू नये, कुणाला वहीत खोटं लिहावं लागू नये, म्हणून बाटली गजातून कढीपत्त्याला रिकामी करत राहिलीस. दोन वर्षं! लई हुशार बाई तू.

मला हे ठाऊक होतं, हे खरं दुखणं आहे. आश्रमाचा फॉर्म मीच भरला. रक्तदाब, आहे. साखर, नाही. ऑपरेशन, गर्भपिशवी काढलेली. त्या फॉर्मात शेवटी 'इतर सवयी' असा एक रकाना होता. मी लिहिलं, मिसरी. बास. पाण्याचं लिहायला हवं हे माझ्या मनातही आलं नाही, कारण मला ती सवय वाटतच नव्हती. मी स्वतः ड्युटी संपेपर्यंत पाणी पीत नाही. माझ्या टेबलापासून बाथरूम आठ-दहा पावलांवर आहे. लॅबमधल्या मैत्रिणी मला उंटीण म्हणतात आणि मी हसते.

रिपोर्ट यायचा तसाच आला. शुक्रवारी तुला बीडच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय, चार दिवस आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. मी 'हो डॉक्टर' म्हटलं. शोभाताई तुझ्यापाशी थांबल्या. त्यांनी थांबायची काही गरज नव्हती, ते त्यांचं कामही नव्हतं. बारा वाजता त्यांनी फोन तुझ्या कानाला लावला आणि तू म्हणालीस, "हॅलो बाई, मी मंगलची माय बोलते."

मी म्हटलं, "बोला मंगलच्या आई."

काही शहाणपण सुचून म्हटलं असं नाही. त्या क्षणी तुला दुरुस्त करायचं त्राणच माझ्यात उरलं नव्हतं. पण तुझा आवाज लगेच सैल झाला, इतका की मला लाज वाटली. पाच दिवस तू बूथवरून फोन लावत होतीस आणि कुणीतरी राँग नंबर म्हणून तुझ्या अंगावर ओरडत होतं.

"जेवती का बाई ती?"

"जेवते."

"भाकरीच्या कडा काढती. कडा टाकू दिऊ नका. आन् अभ्यास?"

"पहिला नंबर आलाय."

तू हसलीस. "बापावर न्हाई गेली मंग." मग म्हणालीस, "पोरीला जरा फोनवर बोलवा की."

आणि मी म्हटलं, "आत्ता अभ्यासाला बसलीय." शनिवारी म्हटलं, आंघोळीला गेलीय. रविवारी म्हटलं, झोपलीय. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, हीच कारणं बाईंनी तुला त्या वर्षी दिली असणार. मी टाकीमागे बसलेली असायची आणि बाई माझ्यासाठी खोटं बोलायच्या. आता बाईही मी आणि टाकीमागेही मीच. तुझ्याशी अकरा वर्षांच्या मंगलच्या आवाजात काय बोलायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. भीती वाटत होती.

एक मात्र बरं केलं. रविवारी म्हटलं, "मंगलनं निरोप दिलाय. माय पाणी प्यायली तरच मी बोलेन म्हणते." तू म्हणालीस, "पिते म्हणावं." शोभाताईंनी मागून सांगितलं, अर्धा गिलास गेला. त्या दिवशी मी जेवले.

सोमवारी तू फार बोललीस. आवाज बारीक झाला होता, मधे मधे धाप लागत होती. "बाई, ती काऊन बोलत न्हाई माझ्यासंगं? संक्रांतीचं कावलीय का?" उत्तराची वाट न बघता तूच पुढं म्हणालीस, "म्या निघालते वो बाई. तिळाचे लाडू बांधून स्टँडापोतर आलते. मुकादम म्हागं गाडीवर आला. म्हणला, दोन ट्रक भरायच्यात, तू गेली तर तुझ्या नवऱ्याला बी घिऊन जा कायमची. ह्यायला सोडून कशी जाऊ? म्हागारी गेले. लाडू टोळीतल्या पोरायला वाटले. पोरीला नका सांगू हे. रडंल ती."

फाटकाशी मी उभी होते तेव्हा तू स्टँडवर होतीस, हे सव्वीस वर्षांनी मला कळत होतं. तेही मला सांगू नका म्हणून.

"अजून एक, बाई. ती लाजती. बाथरूमला जायचं म्हणून सांगत न्हाई, दाबून बसती. तुमीच इचारत जावा. म्याच तशी सवय लावली तिला. चुकलं माझं."

मी म्हटलं, "विचारेन." आणि एसटीतून उठून ओरडणारी ती पोर कधी दाबून बसायला शिकली, याचा विचार करत मी उरलेला दिवस बाटल्यांवर नंबर टाकत राहिले. तुझ्या त्या पदरात घातलेल्या तोंडाकडे बघूनच शिकली असणार. पण चूक कबूल केलीस हो. माझ्याजवळ नाही, बाईंजवळ. चालेल.

मंगळवारी तू म्हणालीस, "पोरीला जरा फोनवर बोलवा." बाकी काहीच नाही. जेवणाचं नाही, अभ्यासाचं नाही. मी म्हटलं, "थांबा, बोलवते." फोन कानापासून लांब धरला आणि खरंच जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या उतरून खाली आले, पावलं वाजवत. वॉर्डबॉय बघत होते. बघू देत.

"माय."

"मंगे? आलीस व्हय गं."

"हं."

खूप काही ठरवलं होतं. म्हणाले एवढंच, "मी रुसले होते, माय."

"रुसावंच की. मायवर न्हाई रुसायचं तर कुणावर?" मग म्हणालीस, "जेवलीस का?"

"जेवले. तू पाणी पी."

"पिते. ठिवते आता. म्हागं लई बाया उब्या हायेत."

आणि तू ठेवलास. तुझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायांनाही पोरांशी बोलायचं होतं ना. शोभाताई म्हणाल्या, मग मावशी झोपल्या. बुधवारी तू डोळे उघडले नाहीस. बुधवारीच माझा पासपोर्ट आला.

गुरुवारी विमानानं मुंबई, तिथून गाडी. नगर मागे पडलं, आष्टीच्या अलीकडे शोभाताईंचा फोन आला. रोज 'लवकर या' म्हणणारी बाई म्हणाली, "ताई, सावकाश या." मी ड्रायव्हरला एसी बंद करून काच खाली करायला सांगितली. पुढचा सगळा रस्ता उसाच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर दिसत राहिले, सामानावर बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर पोरं. हंगाम सुरू झाला होता.

गावी तुला अंगणात ठेवलं होतं. मामानं तुळशीचं पान आणि पाण्याचा गडू माझ्या हातात दिला, "लेकीनं घालावं." मी तुझ्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं आणि गळ्यावरून मातीत गेलं. तिथंही प्यायली नाहीस. मला हसू आलं, माय, खरंच आलं, आणि ते बघून बायकांनी मला धरलं.

काल आश्रमात गेले होते तुझं सामान आणायला. दोन लुगडी, मिसरीची डबी, अण्णांचा फोटो, निळी बाटली. शोभाताई माझ्यासमोर वही उघडून रडायला लागल्या. "म्या रोज बरोबरच लिव्हलं वो ताई, बाटली रिकामीच असायची." मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, ती बाई भल्याभल्यांना फसवून गेली. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीनं बाटली भरून आणली. तुझ्या खाटेवर बसून मी खिडकीतून बघितलं. तीन आठवड्यांत कढीपत्त्याचे शेंडे माना टाकायला लागलेत. मी शोभाताईंना सांगितलं, आता ह्याला रोज कुणीतरी पाणी घालायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "घालते."

मग मी बाटली तोंडाला लावली आणि भर दुपारी, एका बैठकीत, सगळी प्यायले.

थोड्या वेळानं व्हायचं ते झालं. बाथरूम कुठं आहे ते मला माहीत होतं. पाय माझे धड आहेत. बाहेर व्हरांड्यात म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, काही बाया, काही बाप्ये. मी दारात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शोभाताई, मला बाथरूमला जायचंय. जरा घेऊन चला."

त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. काही विचारलं नाही. हात पुढे केला. मी तो धरला आणि आम्ही दोघी तुझ्या चालीनं, हळूहळू, टोकापर्यंत गेलो. कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

व्हरांडा तसा काही लांब नाहीये, माय.